मागचे शू नवे, तरी पेडल तळाला: जिप्सी किंगचे ड्रम ब्रेक कुठे आणि का फसतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००४ सालची मारुती जिप्सी किंग, मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) घरीच बदलले. तेव्हापासून पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाला जातं, लगेच दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा दाबलं की वर येऊन घट्ट होतं. हँडब्रेक वरपर्यंत ओढूनही चढावर गाडी सरकते. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचेपर्यंत डावा मागचा ड्रम हात लावता येणार नाही इतका तापतो, उजवा मात्र कोमटच असतो. आणि गॅरेजवाल्याने मास्टर सिलिंडर बदलायला सांगितलंय.

मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेकचं तेल लाइनमध्ये ढकलणारा पंप) आत्ता घेऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवत नाहीत. मास्टरचे रबर गेलेले असले की पाय एकसारखा दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत राहतं, कुठे टेकत नाही. तुमचं पेडल दुसऱ्या दाबाला वर येतं आणि तिथेच थांबतं. म्हणजे तेल दाबलं जातंय आणि टिकतंयही, फक्त शू ड्रमपर्यंत पोचायला एका दाबातलं तेल पुरत नाहीये. दुसऱ्या दाबाला वर आलेलं पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवाही आहे. कडक लागत असेल तर निव्वळ शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर जास्त आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

खात्री करायला एक दोन मिनिटांची चाचणी आहे, तीही चाक न काढता. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी गुटके, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा. मग पाच-दहा सेकंद थांबून, नेहमीच्या जोराने एकदाच दाबून पट्टीने फरशीपासून पेडलची उंची मोजा. पुन्हा तेवढंच थांबून हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा एकदाच दाबून मोजा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल दीड-दोन सेंटीमीटर वर थांबत असेल तर दोष मागच्या शूच्या अंतरात आहे हे नक्की, कारण हँडब्रेकने शू आधीच ड्रमजवळ नेले आणि तेलाचं तेवढं काम वाचलं. फरक पडला नाही तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नका. केबल इतकी ढिली असेल की ओढूनही शू हलतच नाहीत, तर या चाचणीतून काहीच कळत नाही. मग ड्रम उघडूनच बघायचं.

एवढ्याशा अंतराने पेडल इतकं खाली कसं जातं, असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशेब करून बघा. समजा व्हील सिलिंडरचा (चाकापाशी शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, १७.५ मिलिमीटर, मास्टरचा २०.६ आणि पेडलचं प्रमाण १ ला ४. शूच्या मध्यावर १ मिलिमीटर जादा अंतर असेल तर वरच्या टोकाला पिस्टनला साधारण २ मिलिमीटर जादा सरकावं लागतं, कारण शू खालच्या टोकावर टेकून फिरतो. असे चार पिस्टन. मिळून जवळजवळ २ सीसी तेल जादा लागलं. त्यासाठी मास्टरचा पिस्टन सुमारे ६ मिलिमीटर आणि पेडल २३ मिलिमीटर जादा खाली. तुमच्या गाडीत बोअर थोडे वेगळे असतील, पण हिशेब याच घरात राहतो. म्हणून ड्रम ब्रेकमध्ये शू बसवणं हे अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे अंतर लावणं, आणि घरी केलेल्या कामात तेच राहून जातं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. ड्रम आधी लेथवर टर्न केलेत का, शू कंपनीचे आहेत की जुन्या शूवर लायनर (घासणारा थर) चिकटवून घेतलेले, गाडी ओढ्या-नाल्यातून किती जाते, मागे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच केली आहे का. त्या त्या ठिकाणी ‘असं असेल तर’ म्हणून सांगतो.

ड्रम पुन्हा उघडायला लागणारच आहेत, तेव्हा आधी गाडी उचलण्याबद्दल. इथे फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांचाही गैरसमज असतो. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर आहे, त्यामुळे मागचा ॲक्सल उचलला की हँडब्रेकचा उपयोग शून्य. गाडी गिअरमध्ये टाकली आणि मागचं एकच चाक उचललं तरी धरत नाही, कारण डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक फिरतं आणि जमिनीवरचं सरकतं. फोर-लो टाकून ठेवलं पण पुढचे हब फ्री आहेत (म्हणजे पुढची चाकं ड्राइव्हपासून सुटलेली), तरी तेच. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके, आणि मागे ॲक्सलच्या नळीखाली दोन घोड्या (जॅक स्टँड). नुसत्या जॅकवर काम करू नका. घोड्या चेसिसखाली न लावता ॲक्सलखाली लावायला सांगतोय त्याचं आणखी एक कारण आहे, ते हवा काढताना येईल.

हँडब्रेक पूर्ण खाली, आणि लिव्हरपाशी केबलचा ॲडजस्टिंग नट चांगला ढिला करा. हे विसरायचं नाही, पुढचं सगळं यावर उभं आहे. जिप्सीच्या ड्रमच्या तोंडावर ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात दोन बोल्ट घालून आलटून-पालटून पाव-पाव फेरा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत बसलात तर ड्रम तिरका होऊन जास्तच अडकतो. मधल्या हबच्या काठाला गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा आणि ड्रमच्या तोंडावर, दोन स्टडच्या मध्ये, मध्यम हातोडीने ठोका. काठावर ठोकू नका, बिडाचा ड्रम तडकतो. ड्रम आणि बॅकप्लेट (ड्रममागची, शू धरणारी पत्र्याची तबकडी) यांच्या फटीत पहार घालून उचकटू नका, बॅकप्लेट वाकली की शू कायमचा तिरका चालतो. ड्रम थोडा बाहेर येऊन अडत असेल तर आतल्या कडेला झिजून कंगोरा झालाय आणि शू त्यात अडकलेत. जोर लावलात तर शू धरून ठेवणाऱ्या पिना तुटतील. बॅकप्लेटच्या मागचं रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हरने हँडब्रेकचा आतला लिव्हर त्याच्या टेकूवरून सोडवला की शू आत येतात.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या, आणि काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आतली धूळ हवेने उडवू नका, फुंकरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. साबणाचं पाणी नाहीतर ब्रेक क्लीनर मारून धूळ ओलीच पुसून घ्या. पेट्रोल किंवा डिझेल मारायची सवय सगळीकडे आहे, पण त्याने व्हील सिलिंडरचे रबर फुगतात.

आता पुसण्याआधी नीट बघा, कारण पुरावा तिथेच असतो. शू किंवा बॅकप्लेट ओली दिसली तर ते कोणतं तेल आहे ते ओळखा. ब्रेक ऑइल पातळ असतं, बोटाला निसरडं लागतं, आणि बॅकप्लेटचा रंग सोलून टाकतं. ओल वर, व्हील सिलिंडरच्या आसपास सुरू होते. गिअर ऑइल दाट, काळपट, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि ते मधून, ॲक्सलच्या सीलकडून खाली पसरतं. पहिलं असेल तर सिलिंडर, दुसरं असेल तर ॲक्सल सील. सील गेलंय म्हणून नुसतं सील बदलून थांबू नका. ॲक्सल हाउसिंगचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) चिखलाने बुजलेला असेल तर गरम झालेली आतली हवा नवं सीलही ढकलून बाहेर येते. ओढ्यात गरम ॲक्सल एकदम थंड झाला की उलट होतं: आत ओढ तयार होते आणि सीलमधून पाणी आत जातं. डिफरन्शियलचं तेल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर हेच घडलंय. बेअरिंगला खेळ असेल तरी नवं सील महिनाभरात जातं, म्हणून ॲक्सल वर-खाली हलवून बघा.

तेल प्यायलेले शू, ते कितीही नवे असोत, टाकून द्या. गॅसच्या बत्तीने जाळून तेल काढतात, मग पॉलिश पेपर मारतात. तसं करू नका. वरचं तेल जळतं, लायनरच्या पोटातलं तसंच राहतं आणि पुढच्या घाटात ड्रम तापला की पुन्हा वर येतं. चिकटवलेल्या लायनरचा तर चिकटाच कमजोर होतो. शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकाच बाजूचे बदललेत तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने उचलून बघा. आत किंचित दमटपणा चालतो, पण थेंब ओघळला तर सिलिंडर बदला. वीस वर्षांच्या गाडीत रबर किट टाकण्यापेक्षा सिलिंडरच बदलणं मला योग्य वाटतं. बोअरमध्ये गंजाचे खड्डे असले की नवे रबरही टिकत नाहीत, आणि कोकणातल्या हवेत ते खड्डे असतातच. पाइपचा नट सोडवताना साधा पाना वापरला तर कडा गोल होतात, पाइपचा खास पाना घ्या. नट फिरतोय पण पाइपही सोबत पिळतोय असं दिसलं तर तिथेच थांबा, आधी गंज सोडवा. आणि ड्रम काढलेला असताना कुणालाही पेडलवर पाय ठेवू देऊ नका, पिस्टन बाहेर पडेल.

आता ज्याकडे सहसा कुणी बघत नाही ती जागा. बॅकप्लेटवर शूची कड जिथे टेकते तिथे प्रत्येक शूसाठी तीन याप्रमाणे सहा उंचवटे असतात. जुन्या गाडीत शू घासून तिथे खाचा पडतात. नखाने चाचपून बघा, नख अडलं तर खाच आहे. शू बाहेर जातो, या खाचेत अडकतो आणि परत येत नाही. नवे शू, नवे स्प्रिंग, नवा सिलिंडर घालूनही चाक तापत राहतं ते अनेकदा याच कारणाने. हलक्या खाचा कानसने सपाट करा. खोल असतील तर वेल्डिंगने भरून घासून घ्या किंवा प्लेट बदला. मग त्या सहा ठिकाणी ब्रेकसाठी मिळणारं उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी बोट फिरवल्याइतकंच. चेसिसचं साधं ग्रीस वितळून लायनरवर येतं, ते लावू नका.

ॲडजस्टरकडे या. जिप्सी किंगमध्ये दोन शूंच्या मध्ये एक दांडी आणि तिला दाते असलेली रॅचेटची पट्टी असते. ब्रेक दाबल्यावर शू ठरावीक अंतरापेक्षा जास्त बाहेर गेला की रॅचेट एक दाता पुढे सरकते, दांडीची लांबी वाढते आणि शू तेवढेच ड्रमजवळ थांबतात. नवे शू बसवताना ही रॅचेट स्क्रूड्रायव्हरने दाबून पूर्ण मागे घ्यावी लागते, नाहीतर ड्रम वर चढतच नाही. तुम्हीही ती घेतली असणार. ती परत पुढे आली नाही, हेच तुमच्या खाली जाणाऱ्या पेडलचं सर्वांत शक्यतेचं कारण आहे.

का आली नाही, तर बहुतेक या तीनपैकी काहीतरी असणार. रॅचेट गंजून किंवा चिखलाने जाम असेल. ती तारेच्या ब्रशने साफ करून बोटाने खटखट हलते का बघा. रॅचेटचा छोटा स्प्रिंग चुकीच्या भोकात किंवा उलटा लागला असेल. किंवा डाव्या-उजव्या बाजूच्या दांड्या आपसात बदलल्या गेल्या असतील. दोन्ही बाजू एकदम उघडून सगळे भाग एकाच ट्रेमध्ये टाकले की ही चूक हमखास होते. महिंद्राच्या किंवा इतर जुन्या जीपमध्ये रॅचेटऐवजी दातेरी चाक आणि आट्यांची दांडी असेल तर लक्षात ठेवा, एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. बाजू बदलली की ॲडजस्टर अंतर कमी करण्याऐवजी वाढवत जातो, आणि पेडल रोज थोडं थोडं खाली जातं.

हँडब्रेकचा आतला लिव्हर जुन्या शूवरून नव्या शूवर घेताना खिळा आणि क्लिप बसल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. नव्या शूच्या भोकात रंग साचलेला असतो, तो काढला नाही तर लिव्हर घट्ट बसतो आणि हँडब्रेक सोडला तरी अर्धा ओढलेला राहतो. सगळं जुळल्यावर लिव्हर शूच्या पट्टीला पूर्ण टेकतो का, हे बॅटरी मारून बघा. टेकत नसेल तर केबल अजून ताणलेली आहे किंवा अडकली आहे.

ड्रम वर चढवण्याआधी शू आणि ड्रम एकमेकांना कुठे टेकतात ते तपासा. लायनरवर साध्या खडूने आडव्या रेघा ओढा, शू हातात धरून ड्रमच्या आत दाबा आणि दोन-चार बोटं मागे-पुढे सरकवा. खडू फक्त मध्यभागी पुसला गेला तर ड्रमचा घेर शूपेक्षा मोठा झालाय. झिजलेल्या किंवा टर्न केलेल्या ड्रममध्ये असं होतंच. अशा गाडीत पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक कमी लागतो, मग शू स्वतःची जागा करून घेतात. खडू दोन्ही टोकांना पुसला गेला आणि मध्ये तसाच राहिला, तर शू चुकीच्या गोलाईचे आहेत. ते झटका देऊन पकडतात, किंचाळतात, ते परत करा. ड्रमचा मूळ आतला व्यास २२० मिलिमीटर, झिजण्याची मर्यादा २२२. ड्रमवरच कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असेल तर तोच प्रमाण माना. लेथवाल्याकडून आधी मोजून घ्या आणि मगच टर्न करायचा की बदलायचा ते ठरवा. आतल्या कडेचा कंगोरा मात्र काढूनच घ्या.

आता अंतर लावायचं. केबल ढिली, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस टू-हायला (फक्त मागच्या चाकांच्या ड्राइव्हला), ड्रम थंड. थंड हे महत्त्वाचं आहे. २२० मिलिमीटरचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला की त्याचा व्यास साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. गरम ड्रमवर अंतर लावलंत तर थंड होताना तो शूवर आवळतो. शिवाय लांबच्या उतारावर पेडल थोडं खाली जातं त्याचंही एक कारण हेच.

ड्रम आणि चाकं बसवा आणि पेडल चांगल्या जोराने दहा-बारा वेळा दाबा. प्रत्येक वेळी पूर्ण सोडा. शांत जागी असाल तर चाकापाशी उभ्या माणसाला आतून ‘टिक’ असा आवाज ऐकू येतो, रॅचेट सरकल्याचा. पाच-सहा दाबांनंतर आवाज थांबायला हवा आणि पेडल वर आलेलं असायला हवं. एका बाजूने आवाज आलाच नाही, तर ती बाजू पुन्हा उघडा. मग चाक हाताने फिरवा. शू किंचित घासल्याचा सरसर आवाज येऊन चाक एक-दीड फेरा फिरलं तर बरोबर. एक चाक फिरवताना दुसरं उलटं फिरतं, आणि प्रॉपेलर शाफ्टचाही थोडा जडपणा हाताला लागतो. तो ब्रेकचा समजू नका. दोन्ही चाकं दोघांनी एकदम एकाच दिशेला फिरवून बघा आणि दोन्हीकडचा जडपणा सारखा आहे का एवढंच तपासा.

पेडल वर आल्यावरच हँडब्रेकची केबल. हँडब्रेक लागत नाही म्हणून आधी केबल आवळणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. केबल ताणून ठेवली की आतला लिव्हर शूंना कायम थोडं उघडं धरतो. मग ब्रेक दाबल्यावर शूला फारसं सरकावंच लागत नाही आणि रॅचेट जागची हलत नाही. वरवर सगळं ठीक वाटतं. महिन्याभरात केबल थोडी ओढली गेली की अंतर उघडं पडतं, पेडलही जातं आणि हँडब्रेकही. दोन चाकांच्या केबल सारख्या नसतील तर आवळलेली बाजू घासत, तापत राहते. तुमची डावी बाजू कदाचित हेच सांगतेय. नट इतकाच आवळा की हँडब्रेकच्या लिव्हरच्या पाच ते आठ टिकांत दोन्ही चाकं हाताने फिरेनाशी होतील, आणि सोडल्यावर पुन्हा मोकळी फिरतील.

तरीही डावा ड्रम तापला तर कारण शोधण्याचा क्रम सोपा आहे. घाटात दोन्ही ड्रम तापणारच, त्यामुळे आधी सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर, ब्रेक जवळजवळ न वापरता, चालवून बघा. तळहात टेकवू नका, हाताची मागची बाजू ड्रमजवळ नेऊन दोन्हीकडची धग ताडा. तरीही डावाच गरम, तर चाक उचला. ते जड फिरतंय ना? डाव्या बाजूची केबल सोडा. मोकळं झालं तर केबलच्या नळीत गंज किंवा चिखल आहे. तिच्यात तेल सोडून महिना-दोन महिने काढता येतात, पण केबल बदलणंच बरं. मोकळं झालं नाही तर व्हील सिलिंडरची निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा उघडा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं तर लाइनमध्ये दाब अडकून राहिलाय. चिळकांडी उडाली नाही आणि चाकही जड राहिलं, तर दोष यांत्रिक आहे: परत आणणारा स्प्रिंग सैल, सिलिंडरचा पिस्टन गंजलेला, किंवा बॅकप्लेटच्या त्या खाचा.

चेसिसपासून ॲक्सलकडे जाणारा रबरी होज आतून फुगून तेल परत येऊ देत नाही, असंही होतं. पण अखंड ॲक्सलच्या गाडीत मागच्या दोन्ही चाकांना मिळून तो एकच असतो, म्हणून तो बिघडला तर दोन्ही ड्रम तापतील. तुमचा एकच तापतो, तेव्हा होजवर पहिला संशय नको. तरी तो वीस वर्षांचाच असेल तर बदलून टाका, भाग स्वस्त आहे.

सिलिंडर बदलला असेल किंवा पेडल मऊ लागत असेल तर हवा काढा. आधी मागची बाजू, त्यातही मास्टरपासून सर्वांत लांबची निपल, मग जवळची. मागच्या ॲक्सलपासून चेसिसकडे जाणारा स्प्रिंग किंवा दांडी आणि तिच्या टोकाला पितळी-लोखंडी व्हॉल्व्ह दिसतोय का बघा. तो गाडीवरच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. गाडी चेसिसवर उचलली आणि ॲक्सल लोंबकळत राहिला की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब रोखतो. हवा नीट निघत नाही. म्हणून घोड्या ॲक्सलखाली. व्हॉल्व्हवर वेगळी निपल असेल तर तिथूनही हवा काढा. उंच पाटे टाकलेल्या गाडीत हाच व्हॉल्व्ह कायम फसतो आणि मागचा ब्रेक कमजोर राहतो. तेव्हा त्याची दांडी नव्या उंचीनुसार लावून घ्यायला हवी, ती बांधून किंवा काढून टाकायची नाही. तसं केलंत तर रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते.

ब्रेकचं तेल मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, सीलबंद डबीतलं. डॉट-३ आणि डॉट-४ एकमेकांत मिसळले तरी चालतात, सिलिकॉनचं डॉट-५ मात्र नको. उघडी पडलेली अर्धी डबी पुढच्या पावसाळ्यात वापरू नका, हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. आणि बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो.

सगळं झाल्यावर लगेच घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वरून १० पर्यंत हलक्या ब्रेकने वेग कमी करा, अर्धा-एक मिनिट चालवून ड्रमला गार होऊ द्या, असं पंधरा-वीस वेळा. गरम ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका. २००-३०० किलोमीटरनंतर पेडलची उंची पुन्हा मोजा, हँडब्रेकच्या टिका मोजा, आणि टिका वाढल्या असतील तर आधी पेडल दहा वेळा दाबून मगच केबलला हात लावा. इतकं करूनही पेडल दाबून धरल्यावर सरकतच राहिलं, आणि बाहेर कुठे थेंबही नसला, तर मात्र मास्टर सिलिंडर घ्या. तेव्हा गॅरेजवाल्याचं बरोबर असेल.

कोकणातल्या पावसाळ्यासाठी एवढंच. ओढा ओलांडल्यावर चालत्या गाडीत पेडल हलकं दाबून थोडं अंतर जा, ड्रममधलं पाणी तापून निघून जातं. गुडघाभर चिखलातून आलात तर त्याच आठवड्यात ड्रम काढून आतून धुवा. आतला चिखल सुकला की तो लायनर आणि ड्रम दोन्ही कानसीसारखा खातो. आणि ओल्या ड्रमवर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका. सकाळी लायनर ड्रमला गंजाने चिकटलेला असतो, आणि गाडी जोराने हलवली तर चिकटवलेला लायनर शूवरून सुटून येतो. गिअरमध्ये टाका, चाकांना गुटके लावा आणि हँडब्रेक खाली ठेवा.